कळपामागचं माणूस

१

सोमवारी सकाळी चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी एका लाल हॅचबॅकच्या पुढच्या जाळीत दोन बोटं घातली आणि वीतभर काळा धागा बाहेर ओढला.

मी शीला वाघचौरे. विम्याच्या दाव्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे माझा माणसांवरचा विश्वास कमी आणि बंपरवरचा जास्त झाला आहे, असं माझा मुलगा म्हणतो. त्याचं फारसं चूक नाही.

अर्ज माझ्या हातात होता. गाडी शिवशंकर नवपुते यांची. अपघात गुरुवारी सकाळी साडेनऊला, दौलताबाद सोडल्यावर वेरूळच्या रस्त्यावर, घाटाच्या अलीकडे. गाडी चालवणारा ड्रायव्हर सांडू. कारण, 'मेंढी अचानक आडवी आली.' खाली सांडूची सही. डावीकडचा बंपर चिरला होता, खालचा दिवा फुटला होता, जाळीच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या. सगळं मेंढीच्या उंचीला जुळत होतं. गाडी धुऊन आणली होती, पण त्यात नवल नाही. रक्ताचा डाग घेऊन गाडी दारात कोण उभी करील?

धागा जाळीच्या आतल्या बाजूला अडकल्यामुळे पाण्याच्या फवाऱ्यातून वाचला होता. मी तो उजेडात धरला. लोकरच होती, काळी आणि जाडीभरडी. फक्त तिला पीळ होता. मेंढीच्या अंगावर लोकर मोकळी असते. ती कातरावी लागते, पिंजावी लागते, मग तिचं सूत काढायचं आणि त्या सुताचं घोंगडं विणायचं. स्वतःच्या लोकरीचं घोंगडं पांघरून रस्ता ओलांडणारी मेंढी मी अजून पाहिलेली नाही.

गाडी घेऊन सांडूच आला होता. पस्तिशीचा, बारीक, बोलायला कमी. त्यानं खिशातून पुडी काढली आणि मला पेढा दिला. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. चार वर्षं खटपट केली होती म्हणे.

"आता फक्त पोलिसांचा दाखला राह्यलाय, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या नावावर कायबी नाय. म्हून मिळंल लवकर."

मी पेढा खाल्ला, धागा पाकिटात ठेवला आणि बाहेर येऊन त्या रस्त्यावरच्या पोलीस चौकीत फोन लावला. गुरुवारी तिथं कुणा माणसाला गाडीनं उडवलंय का, एवढंच विचारलं.

"व्हय," हवालदार म्हणाला. "मेंढपाळाची बाई. मांडीचं हाड गेलं. लाल गाडी व्हती म्हणत्यात, नंबर नाय मिळाला."

२

नवपुत्यांच्या घरी जाण्याआधी मी दुपार वाचनात घालवली. शिवशंकर हा याच मॉडेलच्या दीडशे गाडीमालकांच्या इंटरनेटवरच्या गटाचा म्होरक्या. गेलं दीड वर्ष तो दर रविवारी गटावर 'मालकाचे अनुभव' लिहितो, आणि ते जगाला वाचता येतात. गाडीचं नाव मी इथं मुद्दाम सांगत नाही. जे घडलं त्यात तिचा दोष नाही.

तसं पाहिलं तर तो बरा लिहितो. घरच्यांसाठी मागची सीट, स्वतःसाठी पुढचं इंजिन, असं त्यानं पहिल्याच रविवारी म्हटलं होतं. डिकीत वडिलांच्या खताच्या दोन गोण्या कशा मावल्या, जालना रोडवर मोठ्या गाड्यांना कसं मागं टाकलं, लिटरमागे किती किलोमीटर पडले, सगळं फोटोंसकट. ऑगस्टमधल्या एका रविवारी घरच्यांवर राग निघाला होता. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप सुरू होतं, एवढी सोय कंपनीनं दिली आहे. पण बापूंना, म्हणजे वडिलांना, वाटतं गाडी मेली, बायको तनुजाला एसी पुरत नाही आणि सांडूचा त्या प्रकारावर भरवसा नाही. तिघंही बसल्या बसल्या पहिलं बटण दाबून ती सोय बंद करतात आणि ॲव्हरेजचं वाटोळं होतं. 'मी ते बटण आजवर दाबलेलं नाही आणि दाबणार नाही,' असा शेवट होता. मला हसू आलं. पुढच्या आठवड्यात टायरमधल्या हवेचा विषय होता. शेवटच्या रविवारी त्यानं जाहीर केलं होतं, 'वीस हजार किलोमीटर पुरे होताहेत, लवकरच घाटातला व्हिडिओ.'

घर विमानतळामागे, राहिलेल्या दोन एकरांच्या कडेला. बाकीचं रान वीस वर्षांपूर्वी कारखान्यांत गेलं. शिवशंकर त्यातल्याच एका कारखान्यात अधिकारी आहे, वय चौतीस. त्यानं मला चहाआधी गाडीची सर्व्हिसची वही दाखवली. गुरुवारी आपण तापानं घरीच पडलो होतो, रजा टाकली होती, असं त्यानं मी न विचारताच सांगितलं. सांडूला वेरूळला कशाला पाठवलं होतं, यावर मात्र थोडा वेळ गेला. मग म्हणाला, घृष्णेश्वराला अभिषेकाची पावती करायला.

तनुजा, त्याची बायको, शाळेत शिकवते. माहेर फर्दापूरचं. ती सातलाच घर सोडते आणि बारानंतर परतते, शाळेच्या हजेरीत तशी नोंद असते. गुरुवारी आली तेव्हा नवरा अंथरुणात होता. एवढं सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

बापू, म्हणजे कारभारी नवपुते, ओट्यावर बसून होते. सत्तरीचे, डोक्याला फेटा. गाडी तेही चालवतात, भाजी बाजारात न्यायला. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याचं बोलून तो मोडला. मी चपला घातल्या तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले,

"दवाखान्यात जाणार असाल बाई, तर केळी घेऊन जावा. तिला दुसरं काय जात नाय."

मी त्या घरात दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं. बाईचंही नाही.

३

सरकारी दवाखान्यात गोजरबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. साठीची असेल. पाय मांडीपासून बांधून वजनानं ताणलेला, अंगावर कोरं करकरीत काळं घोंगडं. नवरा कचरू खाली फरशीवर बसला होता. दवाखान्याच्या फरशीवर त्याला अवघडल्यासारखं होत होतं, हे दिसत होतं.

मी केळी ठेवली आणि काय झालं ते विचारलं. तिनं ते आधी पोलिसांना सांगितलं होतं, डॉक्टरला सांगितलं होतं, शेजारच्या खाटेलाही सांगितलं असावं. त्यामुळे तक्रार संपून नुसती हकीकत उरली होती. कळप वेरूळच्या बाजूनं खाली येत होता. पुढं कचरू, मधे मेंढरं आणि सगळ्यात मागं ती. हा रिवाजच आहे. मेंढरं रस्ता ओलांडून गेली की त्यांच्यामागं वीस-तीस पावलांवर घरातलं एक माणूस येतं. लंगडं जनावर, वाटेत व्यालेली मेंढी, कालचं कोकरू, असं मागं पडलेलं गोळा करत येतं.

"लाल गाडी उभी व्हती," ती म्हणाली. "आधी घुर्रघुर्र करत व्हती, मग गप झाली. म्या म्हनलं, भला माणूस दिसतोय, गाडी बंद करून बसलाय आमच्यासाठी. कोकरू तिथंच बसलं व्हतं, गाडीम्होरं. उचलाया वाकले."

"मग?"

"एकाएकी जागी झाली अन् आली अंगावर."

वाकलेल्या बाईची उंची मेंढीएवढीच भरते. बंपरचा हिशेब तिथं मिटला. जुनं घोंगडं जाळीत अडकून फाटलं होतं, चिंध्या दवाखान्यानं टाकून दिल्या होत्या.

कोकरू वाचलं, कचरूनं सांगितलं. बायकोचा पाय जुळेल, काठीनं घरात हिंडेल, पण कळपामागं आता चालणं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं हे ऐकताना खिडकीकडे तोंड केलं. चाळीस वर्षं तिनं तेच केलं होतं. मला वाईट वाटलं, आणि अशा वेळी मी करते तेच केलं, पुढचा प्रश्न विचारला. नवं घोंगडं कुणी दिलं?

"कारभारी बापू," कचरू म्हणाला. "चिकलठाण्याचे. आज्यापासून आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, खतासाठी. रान गेलं, तवापासून भेट नव्हती. शुक्रवारी आले, घोंगडं दिलं, तासभर बसले. बोलले कायच नाय. पर जुनी वळख ठिवली बघा."

त्यानं हे इतक्या समाधानानं सांगितलं की मला तिथं बसवेना.

४

सांडूला मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. धागा दाखवला नाही, अर्जही काढला नाही. त्याचं गाव विचारलं. सिल्लोडकडचं. घरी मेंढरं होती का? होती, बाप असेपर्यंत. आई सुगंधाबाई अजून चार शेळ्या राखते.

"समज, तू गाडीत आहेस," मी म्हटलं. "मेंढरं रस्ता ओलांडताहेत. शेवटचं मेंढरू गेलं. तू गाडी कधी काढशील?"

"माणूस गेल्यावर."

"कुठलं माणूस?"

"मागचं, मॅडम. मेंढरामागं माणूस असतंयच. ते गेल्याबिगर गाडी कशी काढायची?" त्याला प्रश्नच विचित्र वाटला होता. मग त्याचा कप खाली आला. "का वो?"

मी सगळं सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग तो सांगू लागला. भाऊ, म्हणजे शिवशंकर, त्याला म्हणाले होते, मेंढी लागली, पण मी त्या दिवशी आजारपणाची रजा टाकली होती, माझं नाव आलं तर कारखान्यात अब्रू जाईल, तुझं नाव टाकतो. आठ वर्षं ज्या घरचं मीठ खाल्लं, तिथं एका मेंढीवरून सही नाकारायची कशी? आणि आता त्या सहीच्या जोरावर एका बाईची मांडी मोडल्याचा गुन्हा त्याच्या नावावर बसणार होता. त्यानंतर दाखला मिळणार नव्हता, आणि दाखल्यावाचून एसटीही नाही. हे मला त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"माझी आय बी मागंच चालायची, मॅडम," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "भाऊंना ठावं व्हतं का, बाई हाय म्हणून?"

ते मला माहीत नव्हतं. मी त्याला तसंच सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे कारभारी बापू होते.

"लिहून घ्या, बाई," ते म्हणाले. "गुरुवारी गाडी मी चालवत व्हतो."

५

संध्याकाळी चौघंही घरात होते. सांडूला मी सोबत नेलं होतं, तो दारापाशी उभा राहिला. बापूंनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं, आणि आपलं म्हणणं पुन्हा एकदा, पाठ केल्यासारखं सांगितलं. डोळ्यांना कमी दिसतं, ऊन समोरून होतं, पाय चुकून उचलला गेला.

"ऊन पाठीमागून होतं, बापू," मी म्हटलं. "सकाळी साडेनऊला वेरूळकडे जाताना सूर्य मागं असतो."

त्यांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला.

"आणि तुमच्या रानात किती वर्षं मेंढरं बसली?"

"चाळीस तरी."

"म्हणजे शेवटच्या मेंढरामागं कोण येतं, हे तुम्हाला सांडूइतकंच पक्कं माहीत आहे. तुम्ही दोघंही तिथं थांबला असता. तुम्ही शुक्रवारी दवाखान्यात का गेलात तेही मला कळलंय. गाडी धुतली जाताना तुम्हाला धागे दिसले. ते मेंढीचे नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधी चार दिवस कळलं."

बापूंनी ते नाकारलं नाही. शिवशंकर म्हणाला की याला पुरावा म्हणत नाहीत. कळपामागं माणूस असतं हे शहरात वाढलेल्या कुणालाच माहीत नसतं, ती गाडी कुणीही चालवली असेल, चोरूनसुद्धा. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. मी तनुजाला म्हटलं, ऑगस्टमधल्या त्या रविवारचं जरा मोठ्यानं वाच.

तिनं फोनवर शोधलं आणि वाचलं. वर्गात धडा वाचावा तसं, स्वच्छ आणि चढउताराविना. बापूंना वाटतं गाडी मेली. तनुजाला एसी पुरत नाही. सांडूचा भरवसा नाही. तिघंही पहिलं बटण दाबतात. मी ते बटण आजवर दाबलेलं नाही.

"गोजरबाई म्हणते, गाडी आधी घुरघुरत होती, मग गप झाली," मी म्हटलं. "म्हणून तर ती गाडीपुढं वाकली. तिला वाटलं, कुणी भल्या माणसानं इंजिन बंद केलंय. या घरात चार जण ती गाडी चालवतात. तिघांच्या हातात ती उभ्या उभ्या गप होत नाही."

विमान उतरत होतं, त्याचा आवाज जाईपर्यंत सगळे थांबले.

शिवशंकरनं सांगितलं तेव्हा तो एकदम साधं बोलला. वीस हजार किलोमीटरचा व्हिडिओ करायचा होता, घाटात सकाळचं ऊन चांगलं मिळतं. म्हणून आजारी पडलो. कळपानं पाच मिनिटं खाल्ली. शेवटची मेंढी गेली, रस्ता मोकळा दिसला, ब्रेकवरचा पाय उचलला तेव्हा नजर फोनच्या कॅमेऱ्यावर होती. धक्का बसला. पुढं गेल्यावर आरशात रस्त्यावर काहीतरी काळं पडलेलं दिसलं.

"मी ठरवलं, मेंढी आहे," तो म्हणाला. "काळी मेंढी असते की."

बापू उठून त्याच्यासमोर आले. मला वाटलं, मारतील. त्यांनी मारलं नाही.

"कळपामागं माणूस असतं हे तुला सांगायचं राह्यलं, ती माझी चूक," ते म्हणाले. "रान गेलं तवा तू बोर्डिंगात व्हतास. पर मेंढी असली तरी खाली उतरून बघतात, शिवा. ते सांगावं लागत नाय."

मी अर्ज टेबलावर ठेवला. तो अजून विमा कंपनीकडे गेला नव्हता, सही करणाऱ्यानं मागं घेतला तर कागद कागदच राहतो. सांडूनं तो उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. शिवशंकरनं त्याच्याकडे पाहून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"नगा बोलू, भाऊ," सांडू म्हणाला. आठ वर्षांत तो भाऊंना पहिल्यांदा नको म्हणाला असावा.

बाप-लेक त्याच संध्याकाळी चौकीत गेले. तनुजानं गाडीची किल्ली द्यायला नकार दिला, म्हणून रिक्षानं गेले.

६

शिवशंकरवर खटला चालू आहे. कारखान्यानं त्याला काढलं नाही, हलक्या जागी बसवलं. त्या दीडशे मालकांच्या गटावर आता दुसराच कुणीतरी ॲव्हरेज लिहितो. बापू दर सोमवारी केळी घेऊन जातात, आता दवाखान्यात नाही, कचरूच्या पालावर. गोजरबाई त्यांच्याशी बोलते, पण घोंगडं तिनं परत केलं. घोंगड्याशी माझं भांडण नाही, ज्याचं देणं त्यानं स्वतः येऊन द्यावं, असा तिचा निरोप होता. मी हे लिहीपर्यंत तरी शिवशंकर गेलेला नाही.

तीन महिन्यांनी मला वेरूळला एक फुटलेला ट्रक बघायला जायचं होतं. माझी स्कूटर दुरुस्तीला होती, म्हणून एसटीनं निघाले. चढल्यावर कळलं, चालकाच्या जागेवर सांडू आहे. खाकी शर्ट अजून कडक होता. त्यानं आरशातून मान हलवली, मीही हलवली. ड्यूटीवरच्या माणसाशी गप्पा मारू नयेत.

दौलताबाद सोडल्यावर कळप लागला. सांडूनं गाडी थांबवली, हॉर्न वाजवला नाही. मेंढरं गेली. शेवटचंही गेलं, रस्ता मोकळा झाला. बस तशीच उभी राहिली. कंडक्टरनं घंटी दिली. मागच्या मोटारींनी हॉर्न लावले, एका प्रवाशानं विचारलं की ड्रायव्हर झोपला काय. सांडूनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि तो डावीकडच्या बाभळीकडे बघत होता.

मग बाभळीमागून कचरू आला. पुढं चालायचा तो आता मागं होता. खांद्यावर कोकरू होतं आणि एक लंगडी मेंढी त्याच्या धोतराला लागून चालत होती. त्यानं बसकडे बघितलंही नाही, बस थांबणारच असं धरून तो सावकाश रस्ता ओलांडून गेला.

तो पलीकडे पोचल्यावर सांडूनं गिअर टाकला.